सात रात्रींचा सातबारा

पहिल्या भेटीत माणसं गाव विचारतात, आडनाव विचारतात, फारच मोकळी असली तर पगार विचारतात. बापूसाहेब विचारतात, "नॉमिनी लावलाय का?"

तळजाईच्या टेकडीवर त्यांनी मला हा प्रश्न केला, तेव्हा आमची ओळख होऊन चार मिनिटं झाली होती. मी नुकताच सहकारनगरात राहायला आलो होतो. सकाळचे सहा वाजले होते आणि चहाही झालेला नव्हता. मी म्हणालो, "कशाला?" म्हणजे कशाकशाला लावायचा असतो, एवढंच मला विचारायचं होतं. त्यांना वाटलं, मला कारण हवंय. टेकडीचा चढ संपेपर्यंत त्यांनी कारणं दिली. वर पोचलो तेव्हा मला धाप लागली होती आणि मृत्यू फार दूर नाही असं वाटू लागलं होतं.

बापूसाहेब छत्तीस वर्षं बँकेत होते. त्यातली चौदा त्यांनी एकाच टेबलावर काढली. त्या टेबलाचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, शाखेत त्याला 'मयत टेबल' म्हणत. खातेदार गेला की त्याचे वारस पासबुक, मृत्यूचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन या टेबलापुढे बसत. "रडत येतात, भांडत जातात," हे बापूसाहेबांच्या चौदा वर्षांचं सार. एकदा सोळा हजारांच्या ठेवीवरून दोन सख्ख्या भावांचे हात टेबलावरच्या पेपरवेटपर्यंत पोचले. दुसऱ्या दिवसापासून बापूसाहेबांनी पेपरवेट ठेवणं बंद केलं. कागद उडू नयेत म्हणून ते पंखाच लावत नसत. उकाड्याने वारस लवकर उठतात, हाही त्यांचा अनुभव.

या टेबलाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक रेक्झिनची पाकीटवजा पिशवी. तिच्यात आधारकार्डाच्या, स्वतः सही केलेल्या तीन प्रती कायम असतात. टेकडीवरही असतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तत्त्वज्ञान. "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी म्हणजे पोस्टमन. मनिऑर्डर हातात आली म्हणून काय ती पोस्टमनची होते?" डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने, नॉमिनी लावला म्हणून वारसांचा हक्क बुडत नाही, असं सांगितलं, तेव्हा उशिरा का होईना पण कोर्टाने आपलं ऐकलं अशा थाटात बापूसाहेब टेकडी चढले. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार-चार नॉमिनी लावता येऊ लागले, त्या दिवशी तर त्यांनी आम्हा सगळ्यांना पेढे दिले. घरात कोणी पास झालंय का, असं एकाने विचारलं. "पोस्टमन वाढले," बापूसाहेब म्हणाले.

या माणसाच्या मालकीचं जगात काय आहे? सहकारनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट, एक स्कूटर, थोड्या ठेवी. या सगळ्याची निरवानिरव केव्हाच लिहून झाली आहे. स्कूटरचासुद्धा उल्लेख मृत्युपत्रात आहे, "चालू स्थितीत असल्यास" अशा शब्दांत. पण त्यांचा जीव ज्या मालमत्तेत गुंतला होता ती वेगळीच. ती होती, वर्षातल्या सात रात्री.

सन २०००. पेट्रोल पंपावर भरलेल्या कुठल्याशा कुपनाला नंबर लागला म्हणून फोन आला. एका मोठ्या हॉटेलात जोडप्याने यायचं, नव्वद मिनिटं ऐकून घ्यायचं, सहा जणांचा डिनर सेट घेऊन जायचा. वहिनींना डिनर सेट हवा होता. बापूसाहेबांना नव्वद मिनिटं वातानुकूलित बसायला हरकत नव्हती. नव्वद मिनिटांचे झाले तीन तास. टाय लावलेला एक चुणचुणीत मुलगा समोर बसला होता. त्याने विचारलं, "सर, वर्षातले किती दिवस तुम्ही स्वतःसाठी जगता?"

"रविवार धरून?" बापूसाहेबांनी विचारलं.

मुलाने रिसॉर्टांचे फोटो दाखवले, पोहण्याचा तलाव दाखवला, पंचवीस वर्षांत हॉटेलांचे दर कुठे जातील त्याचा चढता आलेख दाखवला. बापूसाहेब नाहीच म्हणत राहिले. मुलगा थकला, त्याने त्याच्या साहेबाला बोलावलं, साहेबही थकला. शेवटी फाइल मिटता मिटता मुलगा सहज बोलून गेला, "आणि सर, तुमच्या पश्चात हे मुलांना जातं."

पश्चात! तीन तासांत पहिल्यांदाच कोणीतरी बापूसाहेबांच्या भाषेत बोललं होतं. त्यांनी पेन काढलं.

आता या धंद्यात वर्षालाही रंग असतात. गर्दीचा हंगाम लाल, मधला पांढरा, आणि ज्या दिवसांत शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही तो निळा. लाल महाग, निळा स्वस्त. बापूसाहेबांनी निळा घेतला. पंचवीस वर्षं, दरवर्षी सात रात्री, स्टुडिओ खोली, म्हणजे एकच खोली आणि कोपऱ्यात ओटा. सव्वा लाख रुपये, हप्त्यांनी. सभासद: बापूसाहेब. सहसभासद: वहिनी. डिनर सेटची एक बशी घरी येईपर्यंत फुटली.

ऑफिसात लोक हसले. वेळ कधी विकत मिळतो का? बापूसाहेबांना मात्र यात नवं काही वाटलंच नाही. त्यांचं गाव खटाव तालुक्यातलं. गावाला भावकीची सामाईक विहीर आहे. विहिरीचे आठ हिस्से, म्हणजे आठ दिवसांनी एक दिवस पाण्याची पाळी. बापूसाहेबांच्या आजोबांचा दोन आणे हिस्सा: एक अख्खा दिवस. आजोबांना चार मुलगे, म्हणून वडिलांना सहा तास. वडिलांना दोन मुलगे, म्हणून बापूसाहेबांना तीन तास. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात ते रीतसर नोंदलेलं आहे. शेतीची वीज तिच्या पाळीने येते, पाणी आपल्या पाळीने, आणि या दोन पाळ्यांची गाठ क्वचित पडते. बापूसाहेबांची पाळी दिवसा आली की वीज हमखास रात्रीची असते. शिवाय विहिरीला मार्चनंतर पाणीच नसतं. पण हक्क बाराही महिने आहे.

मी त्यांना एकदा सांगितलं की, सुट्टीच्या घरात असा वाटा घेण्याची कल्पना युरोपातली आहे. स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची कंपनी १९६३ साली निघाली, अमेरिकेत एकमेकांचे आठवडे बदलून देणारी आरसीआय १९७४ ची, आणि आपल्याकडे हे लोण आलं ते १९८० नंतरच्या दशकात.

"त्रेसष्ट?" बापूसाहेबांनी दयेने माझ्याकडे पाहिलं. "आमच्या विहिरीचा कागद आजोबांच्या वेळचा आहे. मोडीत आहे. त्या स्विस लोकांनी फक्त विहिरीच्या जागी खोली घातली."

निळ्या हंगामाचं फळ म्हणजे बापूसाहेबांचा आल्बम. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा बापूसाहेबांनी जातीने पाहिला आहे. आल्बममध्ये पहिला फोटो पांढराशुभ्र. "हा वेण्णा लेक." दुसरा पांढराशुभ्र. "हा आर्थर सीट. खाली दरी आहे." तिसऱ्यात पांढऱ्यावर एक निळसर डाग. "ही तुमची वहिनी, रेनकोटात." दुसऱ्या वर्षी लोणावळा घेतलं. तिथलं धुकं जरा पातळ आहे, असं त्यांचं मत. आता ते आल्बम न उघडता नुसत्या कडेवरून कुठलं धुकं कुठलं ते सांगू शकतात.

या सात रात्रींचा संसारही पाहण्यासारखा. निघताना डिकीत कांदे-बटाटे, गोडं तेल, मेतकूट, कुकर. "स्वयंपाकघराचे पैसे भरलेत, तर ते वापरायला नको?" वहिनी अकरा महिने तीन आठवडे घरी स्वयंपाक करीत आणि उरलेला आठवडा हवापालट म्हणून महाबळेश्वरला. एकदाच त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या वाटणीचा ओटा तेवढा कंपनीला परत करता येतो का बघा."

खोली सात रात्रींची, पण देखभालीचं बिल तीनशे पासष्ट दिवसांचं. ते दरवर्षी येई आणि दरवर्षी वाढे. आधी त्यावर सेवाकर होता, १ जुलै २०१७ पासून अठरा टक्के जीएसटी. बिलाला वाढ होती, खोलीला नव्हती. बापूसाहेब बँकेतले, त्यांनी हिशेब केला नसेल असं कसं होईल? एका रात्रीचा दर त्यांनी पैशापर्यंत काढून ठेवला होता. जुलैत त्याच गावात चांगलं हॉटेल त्याहून स्वस्त मिळतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

"मग?" मी विचारलं.

"हॉटेलच्या खोलीत इतर अधिकार नसतो," ते म्हणाले.

आता मुलांकडे वळतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. कंपनीच्या नियमाप्रमाणे मुलं एकवीस वर्षांची होईपर्यंत कुटुंबात मोडत, त्यानंतर पाहुण्यांत. अभिजितला एकविसावं लागलं त्या जुलैत रिसेप्शनवरच्या मुलीने त्याच्यासाठी वेगळी पावती फाडली. "हा पाहुणा कसा? काल घरी यानेच शेवटची पोळी खाल्ली," बापूसाहेब म्हणाले. मुलीने गोड हसून पैसे घेतले. पुढे स्वातीही पाहुणी झाली. मग सून आली, जावई आले, नातवंडं आली. पाहुणे म्हणून येण्यापेक्षा त्यांनी न येणं पसंत केलं. गेली दहा-बारा वर्षं स्टुडिओत दोघंच जात. बापूसाहेब खिडकीतून धुकं बघत, वहिनी बापूसाहेबांकडे.

२०२४ च्या भाऊबीजेला बापूसाहेबांनी घरची सभा बोलावली. मला साक्षीदार म्हणून बोलावणं होतं. अनरसे असल्याने मी गेलो. विषय एकच, दोन्ही मुलांची नावं सभासदत्वावर चढवणे.

वाटणीची भांडणं मी खूप पाहिली आहेत. माझ्या सख्ख्या मामांनी जात्याच्या दोन पाळ्या दोघांत वाटून घेतल्या होत्या. एकाकडे वरची, एकाकडे खालची, आणि दळण गिरणीत. पण ही वाटणी पाहायचं भाग्य त्या दिवशीच लाभलं, कारण इथे भांडण जास्त मिळावं म्हणून नव्हतं.

"सगळं ताईला द्या," अभिजित म्हणाला. स्वाती त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी, पण अडचणीच्या वेळी तो तिला ताई म्हणतो. "मला काही नको. तिचं लहानपण त्या खोलीत गेलंय."

"माझं? धुक्यात तू हरवला होतास, मी नाही," स्वाती म्हणाली. "बाबा, मी हक्कसोडपत्र देते. आत्ता देते. आत्यांनी नाही का विहिरीवर दिलं?"

"अजिबात नाही!" अभिजित ताडकन उठला. इतका बाणेदार तो मला कधी दिसला नव्हता. "ते दिवस गेले. मुलीला समान हक्क आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून आहे, अख्ख्या देशात २००५ पासून आहे. बहिणीचा हक्क डावलण्याचं पाप मी करणार नाही. अर्धा वाटा तिला घ्यावाच लागेल. खरं म्हणजे पाऊण घ्यावा."

"वडिलांच्या पश्चात घराण्याचं नाव मुलगा चालवतो," स्वाती म्हणाली. ती एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. हे वाक्य उच्चारताना तिला किती यातना झाल्या असतील, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

जावई अनरशावरची खसखस मोजत होते. सूनबाईंनी फोनवर काहीतरी बघून विचारलं, "बाबा, देखभालीचं बिल थकलं तर ते ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांना येतं का?" बापूसाहेबांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. मयत टेबलावर बसण्याची पात्रता घरात एकीच्या अंगात होती.

ओवाळण्याची वेळ झाली. स्वातीने भावाला ओवाळलं आणि अभिजितने तबकात सभासदत्वाचं कार्ड टाकलं. तिने ते दोन बोटांनी उचलून परत त्याच्या खिशात ठेवलं. "भाऊबीजेला रोख चालते," ती म्हणाली.

शेवटी वहिनींनी निकाल दिला. दोघांचीही नावं चढतील, निम्मी-निम्मी, नाहीतर उद्यापासून डबे बंद. अभिजितकडे आणि स्वातीकडे दोन्हीकडे आठवड्यातून तीनदा वहिनींकडून भाजी जाते. समान हक्काचा प्रश्न असा सुटला.

नाव चढवणं म्हणजे काय, ते पुढे कळलं. प्रतिज्ञापत्र करायचं तर स्टॅम्पपेपर हवा. बापूसाहेबांकडे शंभराचे सहा कागद अडीअडचणीला म्हणून जपलेले होते. नेमका त्याच ऑक्टोबरात राज्य सरकारने शंभराच्या जागी पाचशेचा केला होता. ते सहा कागद त्यांनी मला दाखवले तेव्हा त्यांचा आवाज कापरा झाला होता. मग कंपनीला फोन. स्पीकरवर टाकून, साक्षीदारादेखत.

"सर, नाव ॲड करायचं की ट्रान्सफर?"

"चढवायचं. मुलगा आणि मुलगी."

"ओके सर. मेंबर एक्स्पायर झालेत का?"

"मेंबर बोलतोय."

"म्हणजे मेंबरशिप एक्स्पायर झाली?"

"ती पुढच्या ऑगस्टात होईल. मी नंतर होईन."

"सर, मेंबरच्या हयातीत मुलांची नावं घालायचा फॉर्म सिस्टीममध्ये दिसत नाहीये. डेथचा फॉर्म आहे. तो भरून पाठवा, डेथ सर्टिफिकेटच्या जागी तुम्ही सेल्फ डिक्लेरेशन जोडा."

चौदा वर्षं टेबलाच्या एका बाजूला बसलेला माणूस आता दुसऱ्या बाजूला बसला होता. मला वाटलं, बापूसाहेब चिडतील. त्यांनी चष्मा पुसला आणि पलीकडच्या मुलाला शांतपणे विचारलं, "बाळ, तुमच्या ऑफिसात पंखा चालू आहे ना?" मग पाच महिने पत्रं गेली, आली. पॅनकार्डं, फोटो, वहिनींचं नाहरकत पत्र, अभिजितचं स्वातीबद्दल, स्वातीचं अभिजितबद्दल. बापूसाहेब हयात असल्याचा दाखला त्यांनी बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून आणला. तोही आता मयत टेबलावर होता. असं काही लिहायचा प्रसंग त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच आला होता.

याच सुमारास न्यू जर्सीहून धाकट्या भावाचा फोन आला. विहिरीतले उरलेले तीन तास यांचे. अमेरिकेत गेलेल्या माणसालाही रक्त सोडत नाही, त्यामुळे त्यांनीही फ्लोरिडात ऑरलँडोला एक आठवडा घेऊन ठेवलेला आहे. तिथे सौदा केल्यावर मन बदललं तर दहा दिवसांत मोडता येतो. ते दहा दिवस धाकटे बंधू त्याच खोलीत आराम करत होते.

"दादा, तुझं सभासदत्व आहे. माझं खरेदीखत आहे. डीड. काउंटीच्या दप्तरी नोंदलेलं," धाकटे म्हणाले.

"मुदत?"

"मुदत नाही. कायमचं."

बापूसाहेबांनी हातातला कप खाली ठेवला. "यावच्चंद्रदिवाकरौ?" त्यांनी हळूच विचारलं.

"आणि देखभालही यावच्चंद्रदिवाकरौ," धाकटे कण्हले. त्यांनाही मुलांची नावं खतावर घालायची होती. तिथे त्यासाठी क्विटक्लेम डीड नावाचा कागद करतात. बापूसाहेबांनी अर्थ विचारला. आपला दावा सोडल्याचा कागद.

"म्हणजे हक्कसोडपत्रच की! हक्कसोडपत्राने नावं चढवता? अमेरिका उलटीच आहे."

पण मुलं सही करायला तयार नव्हती. त्यांनी वकील गाठला होता. एकदा नाव खतावर चढलं की दरसालचं बिल आपलंही, आणि पुढे विकायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. त्यापेक्षा नाव घालूच नये. बाप गेल्यावर वारसा लेखी नाकारता येतो. तिथल्या करकायद्यात त्याला नऊ महिन्यांची मुदत आहे, अट अशी की मधल्या काळात त्या खोलीत जाऊन राहायचं नाही.

"नऊ महिने," बापूसाहेब मला फोननंतर म्हणाले. "मूल जन्माला यायला लागतात तेवढेच. हिशेब कोणीतरी विचार करून केलेला दिसतो."

त्या दिवशी मी धीर करून मनातलं विचारलं. "बापूसाहेब, तुमची मुदत ऑगस्टात संपते. एक आठवडा शिल्लक आहे. एका आठवड्यासाठी पाच महिने कागद? नावं चढून मुलांना मिळणार काय?"

टेकडीवरचा बाक ओला होता. त्यांनी रेक्झिनची पिशवी खाली घातली आणि बसले. आधारकार्डाच्या प्रती प्लास्टिकमध्ये असतात.

"आमच्या विहिरीवर आता तेवीस नावं आहेत," ते म्हणाले. "पाणी नाही. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, जमिनीसकट घेतो म्हणाला. पण तेवीस सह्या हव्यात. मग एकेक जण गावी येऊ लागला. सही द्यायला, सही अडवायला, दुसऱ्याने किती मागितले ते बघायला. येतो तो मुक्काम करतो. भाकरी खातो. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाला शुगर निघाली, सगळं कळतं. सह्या काही पुऱ्या होत नाहीत. व्हायला नकोत. एकाचं नाव असलं तर तो विकून मोकळा होतो. नावं वाढली की विकता येत नाही, आणि विकता येत नाही तोवर लोकांना भेटावं लागतं."

"पण भांडतात ना?"

"चौदा वर्षं भांडणंच बघितली. भांडायला आले ते निदान एका टेबलाशी आले. जे आलेच नाहीत त्यांच्या ठेवी पडून राहिल्या. त्या खात्यांची मला जास्त भीती वाटायची."

मे महिन्यात नावं चढली. जुलै २०२५ मध्ये शेवटचा आठवडा. अभिजित आणि स्वाती आता पाहुणे नव्हते, सभासद होते, तेव्हा पावतीचं निमित्तही राहिलं नव्हतं. "शेवटचंच आहे," म्हणत सगळे गेले. चार जणांच्या स्टुडिओत आठ जण मावले नाहीत, म्हणून जावयांनी शेजारची खोली भाड्याने घेतली. जुलैचा दर बापूसाहेबांच्या हिशेबापेक्षा चारशेने कमी निघाला. हे जावयांनी सासऱ्यांना सांगितलं नाही, बापूसाहेबांनी विचारलंही नाही. सात दिवस पाऊस थांबला नाही. फोनला रेंज नव्हती. मेंढीकोट झाला, नॉट-ॲट-होम झाला, तिसऱ्या दिवशी अभिजित आणि स्वाती पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका छत्रीवरून भांडले आणि चौथ्या दिवशी त्याच छत्रीवरून हसले. ओट्याशी जावई उभे राहिले. वहिनींनी खिडकीतून पहिल्यांदाच धुकं पाहिलं. "बरं दिसतं की," असं त्या म्हणाल्याचं कळतं.

निघायच्या दिवशी सकाळी टाय लावलेला एक चुणचुणीत मुलगा आला. नव्या पिढीचा. "सर, फक्त चाळीस मिनिटं. कपलसाठी गिफ्ट आहे." अभिजित हसला. त्याला सगळं माहीत होतं. फसायचं वय आपलं नाही, हे बायकोला सांगून तो केवळ गंमत म्हणून आत गेला. बापूसाहेब बाहेर व्हरांड्यात बसले. चाळीस मिनिटं झाली. तास झाला. अडीच तासांनी दार थोडं उघडलं आणि अभिजितने मान बाहेर काढली.

"बाबा, तुमच्या पिशवीत आधारची कॉपी आहे ना?"

बापूसाहेबांनी एक प्रत काढून दिली. का, कशाला, विचारलं नाही. अर्ध्या तासाने अभिजित आणि सूनबाई बाहेर आले. हातात खोका होता. डिनर सेट, आठ जणांचा.

"कुठला रंग?" बापूसाहेबांनी विचारलं.

"निळा," अभिजित पुटपुटला. "स्वस्त होता. पंचवीस वर्षांचा आहे."

"नॉमिनी?"

अभिजित गप्प. उत्तर सूनबाईंनी दिलं. आमचे कागद पुण्याला राहिले होते, पण रकाना रिकामा ठेवला तर सवलत जाईल असं तो मुलगा म्हणाला. सही केलेला आधार अख्ख्या रिसॉर्टमध्ये एकाच माणसाकडे होता.

आता हे नीट लक्षात घ्या. नॉमिनी हा धन्यापेक्षा तरुण असावा, हा बापूसाहेबांचा नियम. बँकेत त्यांनी यावरून कित्येक म्हाताऱ्यांचे फॉर्म परत पाठवले होते. आणि एक्केचाळीस वर्षांच्या सभासदाचे नॉमिनी म्हणून वय वर्षे चौऱ्याहत्तर स्वतः लागले होते. मुदत २०५० पर्यंत. अभिजितने दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा अर्ज भरून समोर ठेवला. बापूसाहेबांनी तो वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि तीन प्रती काढायला म्हणून पिशवीत घातला. अजून पिशवीतच आहे.

टेकडीवर मात्र फरक दिसतो. पूर्वी ते एक फेरी मारून बाकावर बसत, आता दोन मारतात. चहात साखर बंद आहे. परवा चढावर मी मागे पडलो, म्हणालो, "बापूसाहेब, या वयात एवढी घाई कशाला?"

"२०५० ला मी नव्याण्णव," ते न थांबता म्हणाले. "पोस्टमनने टपालाच्या आधी जाऊन कसं चालेल?"